एकट्याची बाजरी पाखरांची: शिंदखेड्याच्या बरडावरचं एक प्रकरण

शिंदखेडा तालुक्यात बुराई नदीचा काठ सोडून तीन-चार किलोमीटर वर चढलं की पायाखालची जमीन बदलते. काठचं काळं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारं रान संपतं आणि बरड लागतं. वीतभर माती, खाली मुरूम. आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या धाकट्या काकांचं, साडेचार एकर वावर या बरडावर आहे. विहीर आहे, पण फेब्रुवारीत ती तळ दाखवते. मी धुळ्यात नोकरीला असतो. दर पंधरवड्याला गावी जातो आणि शेताच्या हिशोबाची वही लिहितो. नानांना आकडे तोंडपाठ असतात, पण कागदावर आलेले आवडत नाहीत, कारण मग ते बदलता येत नाहीत.

हे प्रकरण त्या वहीतलं आहे. २०२३ च्या खरिपात या बरडावर एक एकर बाजरी पेरली आणि ती बुडाली. २०२४ मध्ये तीच बाजरी त्याच मातीत अकरा एकरांवर पेरली आणि ती तरली. दोन्ही वर्षांचा पाऊस वेगळा होता हे खरं. पण फरक पावसानं पडला असं मला वाटत नाही. का ते पुढे सांगतो.

आजोबांच्या वेळी या बरडावर बाजरीच असायची. त्यात तुरीचे तास, मधेच मटकी, बांधाला अंबाडी. कपाशी खान्देशात नवी नाही, पण ती काठच्या काळ्या रानाची मालकीण होती. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या सात-आठ वर्षांत ती मुरमावरही चढली. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांनी मका धरला. आमच्या वावरात शेवटची बाजरी कधी होती हे आठवायला नाना आणि काकू यांच्यात अर्धा तास वाद झाला आणि निकाल लागला नाही.

मग नाना बाजरीकडे परत का वळले? २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ हे नाव मिळालं. गावात शाळेच्या पोरांची फेरी निघाली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगीत पोस्टर लागलं. त्यानं नाना हलले असते तर मी इथे पोस्टरचं कौतुक लिहिलं असतं. नाना हलले ते घरातल्या कापसानं. आदल्या वर्षी, २०२२ च्या उन्हाळ्यात, कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तोच भाव पुन्हा येईल म्हणून २०२२-२३ चा कापूस खान्देशात घरोघर भरून ठेवला गेला आणि भाव मात्र उतरत गेला. आमच्याकडे पुढची खोली छतापर्यंत भरलेली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली तरी कापूस घरात. लेकी माहेरी आल्या आणि झोपायला ओट्यावर, कारण आत अंगाला खाज सुटायची. नातवाच्या पाठीवर पुरळ उठलं. शेवटी मे महिन्यात तो कापूस सात हजारांच्या आसपास गेला आणि रिकामी खोली झाडताना नाना म्हणाले, “एक एकर बाजरी टाकी देऊ. घरनी भाकर तरी सुटी.”

एवढाच विचार होता. पोषण, पर्यावरण वगैरे शब्द वहीत कुठे नाहीत.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मान्सून मुंबईला पोचला तोच २५ जूनला. आम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरलं. दुकानदाराने दिलं ते संकरित बियाणं, दीड किलोची पिशवी, दोन ओळींत दीड फूट अंतर. उगवण चांगली झाली. मग ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. देशभरात तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे नंतर पेपरात वाचलं. वावरात ते आधीच दिसत होतं. कपाशीची पातेफुलं गळून सरीत पडली होती आणि झाडं गुडघ्याएवढीच थांबली होती. शेजारच्या एकरात बाजरी दुपारी पानांची सुरळी करून उभी राहायची आणि संध्याकाळी पुन्हा उघडायची. मी तीन दिवस सुट्टी काढून गेलो होतो तेव्हा रोज हेच पाहिलं. दुपारी बारा वाजता बघावं तर वाटायचं गेलं पीक, आणि दिवस मावळताना तेच पीक हिरवंगार.

यात चमत्कार काही नाही. ज्वारी, मका, ऊस यांच्यासारखीच बाजरीही कमी पाण्यात जास्त कर्ब बांधणाऱ्या गटातली. तिचं सगळं आयुष्य अडीच-तीन महिन्यांचं, आणि साडेतीनशे मिलीमीटर पाऊस नीट विभागून पडला तरी तिचं भागतं. ताण बसला की ती वाढ थांबवते आणि पाऊस आला की फुटव्यांवर दुसरी कणसं काढते. कपाशीलाही थांबता येतं, पण तिचा खर्च थांबत नाही. फवारणीचं उधार दुकानात वाढत असतं.

सप्टेंबरात पाऊस परतला. बाजरीची कणसं वीतभर झाली, दाणा चिकात आला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

तेव्हा पाखरं आली.

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण बाजरीवरच्या लेखांत रोग-किडींना पानं मिळतात आणि पाखरांना एक ओळ. उजाडताच वावराच्या पूर्वेच्या बाभळींतून आधी चिमण्या आणि सुगरणी उतरतात. त्या कणसाच्या शेंड्यावर बसतात आणि खाली सरकत दाणा फोडतात. चिकातला दाणा खाल्ला कमी जातो आणि चिरडला जास्त जातो. मग येतात भोरड्या, थव्यानं. एक काळी-गुलाबी चादर वावरावर अंथरल्यासारखी पडते, मिनिटभर कचकच आवाज, आणि हाकारलं की उठून दुसऱ्या टोकाला बसते. थवा गेल्यावर कणसाला हात लावला तर ते हलकं लागतं, बोटांना नुसत्या खपल्या चिकटतात, आणि खाली मातीवर पांढरट भुसा सांडलेला असतो.

आमच्या वावराच्या चारही बाजूंना कपाशी. अर्ध्या कोसाच्या आत दुसरी बाजरी नाही. म्हणजे त्या शिवारातल्या झाडून सगळ्या पाखरांना ताट एकच. नानांनी डबा वाजवला, चमकणारी पट्टी बांधली, काकूच्या जुन्या लुगड्याचं बुजगावणं केलं. पट्टीला पाखरं तीन दिवस भ्याली. बुजगावण्याच्या डोक्यावर चौथ्या दिवशी चिमणी बसलेली मी स्वतः पाहिली.

पूर्वी राखणीला पोरं असायची. माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची, हुरडा खायचा. आता चुलतभावाचा मुलगा आठवीत आहे आणि सकाळी सातच्या गाडीनं शाळेला जातो. जावंच. मजूर लावावा तर दिवसाला अडीचशे रुपये, आणि दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंत बावीस दिवस. साडेपाच हजार झाले. एका एकराच्या बाजरीला एवढी राखण परवडत नाही. नाना एकटे जेवढं बसता आलं तेवढं बसले. पण सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास हीच पाखरांची वेळ, आणि तीच गोठ्यातल्या दुधाचीही वेळ.

कापणीला आणखी एक गंमत. मळणी यंत्रवाला एका एकरासाठी यायला तयार होईना. येण्याजाण्याचं डिझेल सुटत नाही म्हणाला, आणि त्याचंही खरं होतं. मग घरच्या बायांनी खळ्यावर कणसं बडवली. बाजरीचं कुसकट अंगाला लागलं की काय होतं ते त्यांनाच विचारा.

वहीतला हिशोब असा. बियाणं ५००, मशागत आणि पेरणी २,२००, डीएपीची एक गोणी १,३५० आणि युरियाची एक २६६, निंदणी-कोळपणी १,८००, कापणीला बाहेरची मजुरी १,२००. एकूण ७,३१६. घरच्यांचे हात आणि नानांच्या सकाळी धरलेल्या नाहीत. उत्पन्न एक क्विंटल ऐंशी किलो. त्या वर्षीचा हमीभाव २,५००. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घालून २,२५० सांगितले. विकली नाही, घरी ठेवली. त्या भावानं धरली तर ४,०५० रुपये. उरलेल्या साडेतीन एकरांतल्या कपाशीनंही एकरी पाच हजारांच्या वर खाल्लेच, कारण दोन-दोन क्विंटलच निघाली. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात शिंदखेडा होता. म्हणजे बाजरी एकटीच बुडाली असं नाही. पण गावात चर्चा बाजरीची झाली. कपाशी बुडाली की नशीब म्हणतात, बाजरी बुडाली की अक्कल काढतात.

दिवाळीनंतर ओट्यावर बसून आम्ही कारणं काढत होतो. मी म्हणालो वाण चुकला. चुलतभाऊ म्हणाला पेरणीला उशीर झाला. नानांनी सुपारी कातरता कातरता एक वाक्य टाकलं, “एकलानी बाजरी म्हणजे पाखरंसले आवतन.”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या वाक्यात आहे. कपाशी एकट्याला पिकवता येते. बोंडअळी शेजाऱ्याकडून येते खरी, पण बोंडं कोणी वरून येऊन खात नाही, व्यापारी दारात येतो, वेचणी महिना-दोन महिने थांबू शकते. बाजरीचं तसं नाही. तिची राखण, मळणी, दळण, खाणं, सगळं शेजाराच्या भरवशावर उभं होतं. गावानं बाजरी सोडली तेव्हा नुसतं पीक गेलं नाही, त्याच्या आजूबाजूची माणसांची मांडणीही गेली. आता एकानं परत पेरली म्हणून ती मांडणी परत येत नाही.

२०२४ ची आखाजी १० मेला होती. सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्यांचे, हिशोब त्याच दिवशी मिटतात, त्यामुळे गावातली शेतकरी माणसं घरीच असतात. नानांनी बरडावरच्या शेजाऱ्यांना बोलावलं. आमरस झाल्यावर बोलणं झालं, हे महत्त्वाचं. नानांची मागणी साधी होती: ज्याला जमेल त्यानं एक-दोन एकर बाजरी टाकावी, पण सलग पट्ट्यात आणि एकाच आठवड्यात.

सात घरं तयार झाली आणि अकरा एकर भरले. त्यांची कारणं मी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवली आहेत. एकाकडे चार म्हशी, त्याला सरमाड, म्हणजे बाजरीच्या ताटांचा चारा, हवं होतं. दोघे गुलाबी बोंडअळीला कंटाळलेले. एकाला पोरीच्या लग्नामुळे कपाशीच्या खर्चाला हातात पैसा नव्हता आणि बाजरी स्वस्तात उभी राहते. एक नानांच्या शब्दाखातर. आणि एक जिजी, सत्तरीच्या, नवरा गेलेला, एकच एकर. त्यांना फक्त एवढंच माहीत होतं की सासू असताना घरात बाजरीची कणगी असायची. निरोगी आहारासाठी एकही नाही. पट्ट्याच्या अगदी मधोमध ज्याचं एक एकर येतं तो मात्र कपाशीवर ठाम राहिला. त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. आदल्या वर्षीची आमची बाजरी त्यानं शेजारून पाहिली होती.

बियाण्याच्या बाबतीत या वेळी दुकानदारावर सोडलं नाही. बाजरीचं संशोधन आमच्यापासून तासाभरावर, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात चालतं, आणि ‘फुले आदिशक्ती’ हा लोह जास्त असलेला संकरित वाण तिथलाच. आठ एकरांना तो घेतला. तीन एकरांना ‘धनशक्ती’ घेतला. तो संकरित नाही, सुधारित वाण आहे, पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत निघतो आणि त्याचं बियाणं घरी राखता येतं. बाजरीत परागीकरण वाऱ्यानं होतं, म्हणून दोन वाण लागून पेरले की घरचं बियाणं शुद्ध राहत नाही. आम्ही ते लागूनच पेरले आणि ही चूक पेरल्यावर लक्षात आली. लोहाचं थोडं सांगतो. २०१८ पासून देशात बाजरीचा नवा वाण प्रसारित करायचा तर दाण्यात किलोमागे किमान ४२ मिलीग्रॅम लोह असावं लागतं. धनशक्तीत ते सत्तरच्या आसपास आहे. बाळंतिणीला बाजरी द्यायची हे आमच्या आज्यांना आकड्याशिवाय कळत होतं.

पेरणीच्या आदल्या दिवशी नानांच्या अंगणात बीजप्रक्रिया झाली. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतून ढवळायचं. हलकं, रोगट बी आणि अरगट या बुरशीरोगाच्या काळ्या गाठी वर तरंगतात. ते चाळणीनं काढायचं, खालचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत पसरायचं. मग गोसावी रोगासाठी किलोला सहा ग्रॅम मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक चोळायचं. गोसावी हे नाव का पडलं ते रोगट कणीस पाहिलं की कळतं: दाण्यांच्या जागी हिरव्या जटा फुटतात. पिशवीतल्या संकरित बियाण्याला औषध आधीच लावलेलं असतं, त्यामुळे हा सगळा खटाटोप धनशक्तीपुरता. जिजी मात्र आपली पिशवी घेऊन बसल्या आणि मिठाच्या पाण्यात घाला म्हणून हट्ट धरला. घातलं नाही. त्या अजून म्हणतात की म्हणून त्यांच्याकडे कमी पिकलं.

पाऊस वेळेवर आला आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांत अकरा एकर पेरून झाले. आम्ही आमच्या दोन एकरांत दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर असं घेतलं. बाजरी सप्टेंबरात निघून जाते आणि तुरीला मोकळं रान मिळतं. आजोबांचीच पद्धत, कृषी खात्याच्या पुस्तिकेतही तीच आहे.

आता राखण. एकरी चार पाळ्या ठरल्या. अकरा एकरांच्या चव्वेचाळीस पाळ्या, रोज दोन माणसं, बावीस दिवस. एक जण माळ्यावर, एक बाभळींच्या खाली, उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंत. ज्याला जमणार नाही त्यानं बदली द्यायची किंवा अडीचशे रुपये. सगळं मजुरीत धरलं तरी एकरी हजार रुपये. आदल्या वर्षी त्याच कामाचे साडेपाच हजार होत होते. पाखरं तेवढीच होती, कणसं अकरा पट झाली होती, आणि हाकारणारा माणूस कायम जागेवर होता. थवा येऊन टेकला की लगेच उठवला जायचा. भोरड्यांना दोन-तीनदा असं उठवलं की त्या दुसरं शिवार बघतात. गोफण फिरवता येणारा मात्र साऱ्या सात घरांत एकच निघाला, म्हशीवाल्यांचे वडील. त्यांच्या गोफणीचा फटका बंदुकीच्या बारासारखा घुमायचा. बाकीच्यांनी फटाके आणि डब्यांवर भागवलं. तरुण पोरं गोफण शिकायला म्हणून यायची आणि मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून जायची.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जिजींचं एकर बाभळींना लागून. पाखरं उतरतात ती आधी तिथेच. पट्ट्याचं एकूण नुकसान कमी झालं, पण जे झालं त्याचा मोठा वाटा त्यांच्या पदरात पडला. कापणीच्या आधी त्या नानांच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मना वावरना कोपरा पाखरंसनी खादा, तुम्हना वाचना.” यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, कारण ते अगदी बरोबर होतं. त्यांचं वावर आमच्या सगळ्यांच्या वावराची ढाल झालं होतं. दोन दिवस कुरबूर झाली. म्हशीवाले म्हणाले, बाभळी तोडा. बाभळींची सावली आणि शेंगा त्यांच्याच शेळ्यांना लागतात हे त्यांना आठवण करून द्यावं लागलं. शेवटी इतर दहा एकरांतून एकरी दहा किलो जिजींना द्यायची ठरली. एकूण एक क्विंटल व्हायची होती. सहा घरांनी दिली, एकानं त्यातही वीस किलोऐवजी बारा मोजली. ते वहीत लिहिलेलं आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कापणी सुरू झाली. मळणी यंत्रवाला या वेळी स्वतःच फोन करून विचारत होता. पाच घरांची कणसं वेळेत खुडून झाली. दोघांनी मजुरांची वाट पाहिली आणि महिन्याच्या शेवटी पाऊस लागून राहिला. त्यांच्या उभ्या कणसांतले दाणे काळे पडले, खालच्या कणसांना कोंब आले. त्यांना एकरी साडेचार क्विंटलच्या आसपास मिळाली, तीही काळपट. आमच्या दोन एकरांत साडेअकरा क्विंटल झाली.

विक्रीत आम्ही एक गोष्ट चुकलो आणि एक जमली. हमीभाव २,६२५ होता. बाजारात चांगल्या मालाला २,४५० आणि काळपटाला दोन हजारही कोणी देईना. तेव्हा सुरतची आठवण झाली. भुसावळहून सुरतला जाणारी गाडी शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत जाते आणि त्या गाडीनं गेल्या दोन पिढ्यांत अर्धा खान्देश उधना-लिंबायतला जाऊन राहिला आहे. तिथल्या कापड गिरण्यांत काम करणारी आमची माणसं हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि ठेचाच मागतात. मावशीला फोन केला. तिनं गल्लीत विचारून दोन क्विंटलची मागणी काढली. आम्ही हुशारी केली, दळून पीठ पाठवलं, म्हणजे किलोमागे पाच रुपये जास्त. बाराव्या दिवशी मावशीचा फोन, “पीठ कडू पडनं रे बेटा, भाकर तोंडमा धरावत नही.”

बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित असतो. दळला की विकरं (एन्झाइम) तेलावर काम करायला लागतात आणि आठ-दहा दिवसांत पिठाला कडू वास येतो. हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. वहिनी तर तोंडावर म्हणाल्या की आम्ही आठवड्याचंच दळण का टाकतो हे तुम्हाला वीस वर्षं घरात जेवून कळलं नाही का. पंचवीस किलो पिठाचे पैसे परत केले आणि तिथून पुढे दाणाच पाठवला, साफ करून, पस्तीस रुपये किलोनं. धुळ्यातल्या माझ्या ऑफिसातही काही खपला. एकूण पाच क्विंटल असे गेले, साडेतीन बाजारात, तीन घरी.

शहरातल्या दुकानांत भरडधान्याची बिस्किटं आणि पिठाची चकचकीत पाकिटं मिळतात. मी एकदा पाकीट उलटून पाहिलं. पहिला घटक मैदा होता.

आमच्या दोन एकरांचा हिशोब: बाजरीचा खर्च एकरी १०,३५०, तुरीचा वरखर्च १,२५०. बाजरी घरच्यासह ३३,४२५ रुपयांची, तूर दीड क्विंटल, सात हजारांनी १०,५०० ची. एकरी निव्वळ दहा हजारांच्या थोडं वर. त्याच वर्षी उरलेल्या अडीच एकरांतल्या कपाशीनं एकरी साडेनऊ हजार दिले, पण त्यासाठी एकरी बावीस हजार आधी घालावे लागले होते. कमाई सारखी, घातलेला पैसा निम्मा. सरमाड यात धरलेलं नाही. जनावरं ते ज्वारीच्या कडब्याएवढ्या आवडीनं खात नाहीत, पण मार्चमध्ये खातात.

घरच्या तीन क्विंटलचं काय झालं हेही सांगायला हवं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याचाही उल्लेख होता, किलोला एक रुपया, पण आमच्या दुकानात गहू आणि तांदूळच येत आले आहेत. पंधरा वर्षांत घर पोळीवर गेलं. पोळ्या सकाळी लाटून ठेवल्या की संध्याकाळपर्यंत चालतात. भाकरी थापायची तर जेवणाऱ्याच्या समोर, तव्यावरून ताटात, आणि नऊ माणसांच्या वीस-बावीस भाकरी. मी उत्साहानं पोषणाचं सांगत होतो तेव्हा वहिनी परातीवर हात आपटत म्हणाल्या, “पोस्टर वाचीसन भाकर व्हत नही, भाऊ.” शेवटी त्यांनीच ठरवलं: हिवाळाभर रात्री भाकरी, सकाळी पोळी, आणि थापायला चुलतभावाच्या मुलीबरोबर मुलालाही बसवायचं. त्याची भाकरी अजून नकाशासारखी होते. भोगीला मात्र तीळ लावलेल्या भाकऱ्या त्यानंच थापल्या आणि सगळ्यांनी निमूट खाल्ल्या.

एक दोन गोष्टी ओघात. पोस्टरवर नागली, वरई, राळा, बाजरी, ज्वारी सगळी एका ओळीत असतात, जणू कुठेही काहीही पेरावं. नागली नवापूर, अक्राणी किंवा साक्रीच्या पश्चिमेच्या डोंगरउतारावर शोभते. तिथला पाऊस वेगळा. अक्राणीत मोर, बर्टी, भादी ही बारीक भरडधान्यं अजून घरच्या बियाण्यावर चालतात, पण त्यांची टरफलं काढायला उखळ-मुसळ नाहीतर दूरची गिरणी. आमच्या बरडाला त्यातलं काही झेपणार नाही. आणि नदीकाठच्या काळ्या रानाला बाजरी शोभत नाही. तिथे रब्बीची दादर ज्वारीच हवी, पावसाळ्याच्या ओलीवर येणारी. दादर आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी खाल्लेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

२०२५ ला बाजरीचा हमीभाव २,७७५ झाला आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११०. आखाजीला पुन्हा बैठक झाली. दोन घरं मागे गेली: काळी बाजरी झालेले दोघे, त्यांनी मका धरला. पाच घरं राहिली, नऊ एकर. जिजी आहेत, पण त्यांनी आधीच अट घातली की बाभळीकडच्या दहा ओळींत बाजरी नको, तिथे तूर लावणार. मान्य झालं. धनशक्ती आणि आदिशक्ती यांच्यामध्ये या वेळी दोन वावरं सोडली.

बियाणं आणायच्या आधी नानांनी माझ्याकडून राखणीचं पान आखून घेतलं. नऊ एकरांच्या छत्तीस पाळ्या, बावीस दिवसांना आठ कमी पडतात. ते रकाने रिकामे ठेवले होते. रात्री जेवणं झाल्यावर पट्ट्याच्या मधला तो कपाशीवाला आला, वही मागून घेतली आणि दोन सकाळींपुढे स्वतःचं नाव लिहिलं. बाजरी त्यानं त्या वर्षीही पेरली नाही. गोफण शिकायची आहे म्हणाला.